द्राक्षबियांच्या अर्काची बाटली एक, उत्तरं दोन

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही पडताळता येईल. एका नातेवाइकांनी तुमच्या घरी द्राक्षबियांच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली दिली आहे. लेबलवर ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’, ‘95 टक्के ओपीसी’, ‘ई जीवनसत्त्वाच्या 50 पट आणि सी जीवनसत्त्वाच्या 20 पट प्रभावी’ असं लिहिलंय. एका कॅप्सूलमध्ये 300 मिलिग्रॅम अर्क आहे आणि सोबत 500 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व. तुमचं वय 46, बीपी वर्षभर 138/88 च्या आसपास, गोळी अजून सुरू नाही. आई 71 वर्षांच्या आहेत. त्यांना बीपीसाठी अॅम्लोडिपिन आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. वनस्पतीपासूनच बनलंय तर दोघांनी रोज एकेक घ्यायला काय हरकत आहे, आणि याचा नेमका फायदा कोणता, असं तुम्ही विचारलंय.

पण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘आईच्या गोळ्या थोड्या कमी करता आल्या तर फार बरं होईल.’ माझ्या मते खरा प्रश्न हा आहे, कॅप्सूल हे फक्त निमित्त. म्हणून या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. रुग्ण घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या पिशवीत भरून आणतात आणि कशाचं कशाशी जमत नाही ते मी शोधते. हे काम 22 वर्षं करतेय. त्या अनुभवावरून थोडक्यात सांगते: आईंनी ही कॅप्सूल घेऊ नये. तुम्ही द्राक्षबियांचा अर्क ठरावीक मुदतीसाठी आणि मोजमाप ठेवून घेऊन बघायला हरकत नाही, पण ही बाटली नको. आता कारणं.

रस किंवा वाइन काढल्यावर द्राक्षांच्या बिया उरतात. त्यांतून पाणी किंवा अल्कोहोल वापरून प्रोअँथोसायनिडिन नावाची संयुगं वेगळी काढतात. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन हे त्यांचे मणी, आणि ते एकमेकांना जोडून बनलेल्या छोट्या-मोठ्या माळा म्हणजे हे प्रोअँथोसायनिडिन. त्यांतल्या छोट्या माळांना ओपीसी म्हणतात. द्राक्षाची बी चावली की जीभ आवळल्यासारखी तुरट होते ना, ती यांच्यामुळेच, कारण ही संयुगं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात. फ्रान्समध्ये बोर्दो इथले संशोधक जाक मास्केलिए यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस ही संयुगं आधी शेंगदाण्याच्या लाल सालीतून वेगळी केली. पुढे पाइनच्या सालीतून आणि नंतर द्राक्षबियांतून काढली. मुक्त मूलकांना (पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना) निष्प्रभ करण्याच्या गुणाबद्दलचं त्यांचं अमेरिकी पेटंट 1987 चं आहे. शेंगदाण्याची साल लक्षात ठेवा, बाटलीबद्दल बोलताना ती पुन्हा येणार आहे.

आता ते ‘50 पट’. शरीरात तयार होणाऱ्या मुक्त मूलकांमुळे पेशी झिजतात आणि म्हणून आपण म्हातारे होतो, अशी मांडणी डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये केली. मग मूलकं टिपणारा पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, पोटात घेतला की झीज थांबेल, असं गणित लोकांनी मांडलं. परीक्षानळीत ओपीसी मूलकं खरोखरच जोरात टिपतात, ते खोटं नाही. पण कॅप्सूल परीक्षानळीत पडत नाही, पोटात जाते. तीन-चार मण्यांहून लांब माळा आतड्याच्या भिंतीतून जवळपास आत जातच नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात. जे सुटे मणी शोषले जातात, त्यांना आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रासायनिक गट जोडतात आणि काही तासांत लघवीवाटे बाहेर पाठवतात. त्यामुळे रक्तात यांचं प्रमाण लिटरला फार तर एखाद्या मायक्रोमोलपर्यंत जातं, तेही थोडा वेळ. त्याच रक्तात सी जीवनसत्त्व 50 मायक्रोमोलच्या आसपास असतं आणि यूरिक अॅसिड 200 ते 400. तेही अँटिऑक्सिडंटच आहे, आणि शरीर ते स्वतः बनवतं. एवढा साठा आधीच हजर असताना त्यात एका मायक्रोमोलची भर पडून रक्ताची मूलकं टिपायची ताकद कितीशी वाढणार?

यातलं एक उदाहरण मी शिकाऊ फार्मासिस्टना नेहमी सांगते. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते असं दिसत होतं आणि श्रेय सफरचंदातल्या फ्लॅव्होनॉइड या वनस्पतीजन्य संयुगांना मिळत होतं. 2004 मध्ये दोन संशोधकांनी बारकाईने तपासलं, तेव्हा ती वाढ फळातल्या फ्रुक्टोजमुळे यूरिक अॅसिड वाढल्याने होत असल्याचं निघालं. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा जो तक्ता प्रसिद्ध केला होता, तो 2012 मध्ये स्वतःच काढून टाकला, कारण परीक्षानळीतल्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम कळत नाही आणि उत्पादनांच्या जाहिरातीत ते आकडे सर्रास वापरले जात होते.

यापुढचा भाग जास्त गंभीर आहे. ‘अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे चांगलंच असणार’ हा तर्क माणसांवर मोठ्या प्रमाणात तपासला गेला आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल 1994 मध्ये आला. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतला तसाच एक प्रयोग 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, तिथे ही वाढ 28 टक्के होती. 35,533 पुरुषांवरच्या आणखी एका प्रयोगात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त निघाला, तो निष्कर्ष 2011 चा. हे प्रयोग द्राक्षबियांच्या अर्कावरचे नाहीत, आणि अर्कामुळे कर्करोग होतो असं मी अजिबात म्हणत नाही. पण लेबलवरच्या ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाकडे पुरावा म्हणून बघायचं मी तेव्हापासून सोडलं. शरीर मुक्त मूलकांचा वापर निरोप पोचवायला आणि जंतू मारायलाही करतं. ती सरसकट पुसून टाकायची घाण नाही.

मी सप्लिमेंटच्या विरोधात आहे असं वाटू देऊ नका. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, वयोमानाने मध्यम प्रमाणात झिजलेला असेल, तर ल्युटीन 10 मिलिग्रॅम, झियाझँथिन 2 मिलिग्रॅम आणि सोबत ठरावीक जीवनसत्त्वं व जस्त असा फॉर्म्युला डोळ्यांचे डॉक्टर देतात. 2013 मध्ये निकाल आलेल्या मोठ्या प्रयोगाचा त्याला आधार आहे आणि मीही रुग्णांना तो नेमाने घ्यायला सांगते. ठरावीक आजार, ठरावीक डोस आणि मोजलेला परिणाम या तिन्ही गोष्टी तिथे आहेत. तुमच्या बाटलीवर यातली एकही नाही.

मग द्राक्षबियांच्या अर्काचा काहीच फायदा नाही का? थोडा असू शकतो, पण तो वेगळ्या वाटेने. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्याने वाहिनी सैलावते. ही संयुगं आणि त्यांचे आतड्यात झालेले तुकडे त्या निर्मितीला चालना देतात असं प्रयोगशाळेत दिसतं. माणसांवरच्या छोट्या प्रयोगांत बीपी थोडं उतरलेलंही दिसलं आहे. किती, यावर मात्र एकमत नाही. 2011 मध्ये 9 प्रयोगांतल्या 390 लोकांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा वरचं बीपी जेमतेम दीड अंकाने कमी दिसलं आणि खालच्यावर परिणाम नव्हता. 2016 मध्ये 16 प्रयोग आणि 810 लोक धरले, तर वरचं सुमारे 6 आणि खालचं सुमारे 3 अंकांनी कमी. हा परिणाम पन्नाशीच्या आतल्या आणि वजन जास्त असलेल्या किंवा चयापचयाचे विकार असलेल्या लोकांत जास्त ठळक होता. मी यातून इतकाच अर्थ काढते: काही जणांना 3 ते 6 अंकांचा फरक पडत असावा, काहींना काहीच नाही, आणि कोणाला पडेल ते आधी सांगता येत नाही.

आणि बीपी हा शेवटी आकडा आहे. आपल्याला टाळायचा असतो तो पक्षाघात आणि हार्ट अटॅक. 2016 मध्येच 6 लाखांहून जास्त लोकांच्या प्रयोगांचं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. औषधांनी वरचं बीपी 10 अंकांनी उतरवलं की हृदय आणि रक्तवाहिन्यांचे मोठे झटके सुमारे 20 टक्क्यांनी आणि पक्षाघात 27 टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. द्राक्षबियांच्या अर्काने एकही पक्षाघात टळला का, हे मोजण्याइतका मोठा प्रयोग झालेला नाही. त्याच कुळातल्या कोकोच्या फ्लॅव्हनॉलवर मात्र झाला आहे. 21,442 ज्येष्ठांना रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल किंवा प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) दिलं गेलं आणि निकाल 2022 मध्ये आला. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठाम म्हणता येईल असा फरक नव्हता. हृदयविकाराने होणारे मृत्यू 27 टक्क्यांनी कमी होते, पण ते प्रयोगाचं मुख्य मोजमाप नव्हतं. आशा वाटावी असं आहे, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करावी असं नक्कीच नाही.

पायांची सूज, त्वचा, स्मरणशक्ती, कर्करोग असे बाकीचे दावे मी भराभर बाजूला ठेवते. स्तनाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतलेल्या 66 स्त्रियांमध्ये, कडक झालेल्या ऊतींसाठी रोज 300 मिलिग्रॅम अर्क सहा महिने देऊन पाहिला होता. 2006 मध्ये निकाल आला, प्लासिबोपेक्षा फरक नव्हता. घरात कोणाची केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असेल तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काहीही देऊ नका.

तुमच्या बाटलीबद्दलचा माझा पहिला आक्षेप तिच्यातल्या सी जीवनसत्त्वावर आहे. हे वाचून आश्चर्य वाटेल, कारण अर्क आणि सी जीवनसत्त्व ही जोडी सगळीकडे दिसते. बीपीची औषधं चालू असलेल्या 69 लोकांवर 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एका गटाला 500 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व, एकाला 1000 मिलिग्रॅम द्राक्षबियांचे पॉलिफेनॉल (प्रोअँथोसायनिडिन ज्यात मोडतात तो संयुगांचा गट), एकाला दोन्ही, एकाला प्लासिबो. सहा आठवड्यांनी नुसत्या सी जीवनसत्त्वाने वरचं बीपी किंचित उतरलं, नुसत्या पॉलिफेनॉलने बदललं नाही, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचं जवळपास 5 अंकांनी वाढलं. प्रयोग छोटा आहे, पॉलिफेनॉलचा डोसही तुमच्या कॅप्सूलपेक्षा मोठा होता. पण बीपी उतरावं म्हणून जे घ्यायचं, त्यात नेमकी हीच जोडी मी तरी घेणार नाही.

दुसरा आक्षेप बाटलीत नक्की काय आहे यावर. 2015 मध्ये द्राक्षबियांच्या अर्काची बाजारातली 21 उत्पादनं रासायनिक चाचणीने तपासली गेली, त्यांतल्या 9 मध्ये शेंगदाण्याच्या सालीचा अर्क मिसळलेला निघाला. मास्केलिए यांची सुरुवात आठवा: दोन्हीत एकाच कुळातली संयुगं, त्यामुळे साध्या चाचणीत ‘95 टक्के’ हा आकडा दोन्हीकडून मिळू शकतो. माळेतल्या मण्यांची जोडणी मात्र वेगळी असते आणि ती बघायला महागडी यंत्रं लागतात. घरात कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर हा प्रश्न भेसळीपुरता राहत नाही, जिवावर बेतू शकतो. म्हणून घ्यायचंच असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेने त्या बॅचची ओळख पटवून दिल्याचं प्रमाणपत्र दाखवणारंच उत्पादन घ्या. ‘12,000 मिलिग्रॅम बियांइतकं’ अशा वाक्यांनी फसू नका, आत प्रत्यक्ष अर्क 100 मिलिग्रॅमच असू शकतो. द्राक्षबियांचं तेल ही वेगळी वस्तू आहे, तिच्यात ही संयुगं नावापुरतीच असतात. आणि ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क तर पूर्ण वेगळा. नाव सारखं वाटल्यामुळे लोक तो उचलतात. त्याच्या काही उत्पादनांत कृत्रिम जंतुनाशकं सापडली आहेत आणि वॉर्फरिनवर परिणाम झाल्याच्या नोंदीही आहेत.

आता आई. वॉर्फरिन हे अतिशय चिंचोळ्या वाटेवरचं औषध आहे. अनियमित ठोक्यांसाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या चाचणीचा आकडा) साधारण 2 ते 3 मध्ये ठेवतात. खाली गेला तर गुठळी होण्याची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. द्राक्षबियांचा अर्क रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सची चिकटण्याची क्षमता कमी करतो असं प्रयोगशाळेत दिसतं. माणसांत हा परिणाम किती होतो याचा अभ्यास तोकडा आहे. अभ्यास तोकडा म्हणजे धोका कमी, असा अर्थ मात्र काढू नका. प्लेटलेट्सवरचा परिणाम तर आयएनआरमध्ये दिसतही नाही, म्हणजे चाचणी ठीक येऊनही रक्तस्रावाची शक्यता वाढलेली असू शकते.

माझ्याकडे एक आजोबा यायचे. चार वर्षं आयएनआर घड्याळासारखा स्थिर, आणि एका महिन्यात अचानक साडेपाच. हिरड्यांतून रक्त, हातांवर निळे डाग. मी तीनदा विचारलं, नवीन काही सुरू केलंय का? तिन्ही वेळा ‘नाही’. शेवटी त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, त्या तीन वनस्पतींच्या कॅप्सूल?’ ते म्हणाले, ‘पण ती औषधं कुठे आहेत?’ त्या तिघींपैकी कोणती कारणीभूत होती ते आम्हाला कधीच कळलं नाही. वाईट काही घडण्याआधी लक्षात आलं, हेच नशीब. तेव्हापासून मी ‘औषधं कोणती घेता’ असं विचारत नाही, ‘तोंडावाटे काय काय घेता’ असं विचारते.

आणि आता तुमचं ते शेवटचं वाक्य. आईच्या गोळ्या कमी व्हाव्यात असं तुम्हाला का वाटतंय? त्यांना काही त्रास होतोय का? अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, ही अगदी नेहमीची तक्रार आहे. तसं असेल तर डोस कमी करून किंवा गोळी बदलून डॉक्टर ते सोडवू शकतात. वॉर्फरिनच्या वारंवार चाचण्यांचा कंटाळा आला असेल, तर अनियमित ठोक्यांच्या बऱ्याच रुग्णांना नवीन प्रकारची रक्त पातळ करणारी गोळी चालते, तिला आयएनआर लागत नाही. कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा मूत्रपिंड फार अधू असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण विचारायला काहीच हरकत नाही. आईंचा भार हलका करायची तुमची इच्छा अगदी रास्त आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांशी पंधरा मिनिटं बोललात तर या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त मिळेल.

तुमचं स्वतःचं उत्तर बरंचसं परिस्थितीवर आहे. 138/88 हा आकडा दवाखान्यातला की घरचा? आधी सात दिवस घरी मोजा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि ती डॉक्टरांना दाखवा. मीठ, वजन, झोप, चालणं यांवर काम बाकी असेल तर तिथे अर्कापेक्षा जास्त अंक मिळतात. ते करूनही अर्क घेऊन बघायचा असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर सी जीवनसत्त्व नसलेला, रोज 150 ते 300 मिलिग्रॅम, आठ आठवडे. शेवटच्या आठवड्यात पुन्हा तसंच मोजा. सरासरीत निदान 5 अंकांचा फरक नसेल तर बंद करा. फरक दिसला तरी एकदा थांबवून बीपी पुन्हा वर जातं का ते बघा, कारण वाढलेलं बीपी पुष्कळदा आपोआपच थोडं खाली येतं आणि श्रेय कॅप्सूलला मिळतं. डोकेदुखी, मळमळ, डोक्याला खाज असे त्रास काहींना होतात. लोहाची गोळी घेत असाल तर दोन तासांचं अंतर ठेवा, कारण ही संयुगं लोह शोषू देत नाहीत. शस्त्रक्रिया किंवा दात काढणं ठरलं तर दोन आठवडे आधी थांबवा. आणि लेबलवर ग्रीन टीचा तीव्र अर्कही मिसळलेला असेल तर ते उत्पादन सोडून द्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं होतं की त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य सप्लिमेंटमधून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं की यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला विचारायलाच हवी: आईंनी ही कॅप्सूल आधीच सुरू केली आहे का? केली असेल तर घाबरू नका, रागावूही नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या सांगणार नाहीत. आजपासून कॅप्सूल बंद, वॉर्फरिन ठरल्याप्रमाणेच चालू, आणि डॉक्टरांना फोन करून किती दिवस घेतली ते सांगा. आयएनआर या आठवड्यात एकदा आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा करायला ते सांगतील, कारण अशी गोष्ट सुरू करताना जसा आकडा हलू शकतो तसा बंद करतानाही हलू शकतो. शौचाला काळं होणं, लघवीत रक्त, न थांबणारं नाकातलं रक्त, अचानक जोराची डोकेदुखी किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर फोनची वाट न बघता थेट रुग्णालयात न्या, आणि जाताना ती बाटलीही सोबत घ्या.